खिडकीवरचा उपडा कप

ऑक्टोबर सरत आला की आखन शहराला एक वास सुटतो. खरं तर दोन. एक प्रिंटेनचा, म्हणजे इथल्या मसालेदार, कडक बिस्किटांचा. दालचिनी, लवंग, जळकट साखर. नाताळला अवकाश असतो, पण बेकरीवाल्यांना धीर नसतो. दुसरा वास गरम झऱ्याच्या पाण्याचा, गंधकाचा, नासक्या अंड्यासारखा. शहराच्या मधोमध खांबांच्या ओसरीत हे पाणी भिंतीतून सुटत असतं. थंडी पडली की त्याची वाफ दिसायला लागते आणि दोन्ही वास एकमेकांत शिरतात. नव्या माणसाला मळमळतं. माझ्यासाठी मात्र तो माझ्या परीक्षेचा वास आहे.

याच दिवसांत बसस्टॉपवर ती माणसं दिसायला लागतात. हातात तेच पिवळं पुस्तक, ओठ हलतायत, नजर कुठेच नाही. बे-आइन्सची माणसं. ही जर्मन भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय इथं कायमचं राहण्याचा परवाना मिळत नाही. परवा एक बाई अशीच उभी होती, डोक्याला रुमाल, पायाशी भाजीची पिशवी, आणि स्वतःशीच "इश फिंडे, दास..." म्हणजे "मला असं वाटतं की..." एवढंच घोकत होती. पुढचं वाक्य येतच नव्हतं. मी तिच्याकडे बघून हसले तर ती दचकली. मीही अशीच दचकायचे.

माझी शाळा आठवीत सुटली. लोक म्हणतात शाळा सोडली. मी कुठे सोडली, ती सुटली. हायस्कूल पुढच्या गावाला, मध्ये ओढा, आई रोजंदारीवर आणि धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कुणी नाही. लग्न मात्र शिकलेल्या माणसाशी झालं. आमचे हे शिष्यवृत्तीवर डिप्लोमा झालेले, पुण्यात मशीनवर हात बसलेला, तिथल्या कंपनीने इकडे पाठवलं. मी मागोमाग आले. विमानातून उतरले तेव्हा मला स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिता येत होतं, पण दुसऱ्या कुणी लिहिलेलं वाचायला वेळ लागायचा. अशा बाईला या देशाने वर्गात बसवलं, बाकावर, पुढच्या रांगेत, आणि शिकवणाऱ्या बाईंनी मला "फ्राउ जाधव" म्हणून हाक मारली. माझ्या आडनावाला बाई लावून हाक मारणारी ती पहिली व्यक्ती. या उपकाराखाली मी अजून आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

फ्राउ बेर्गमान त्यांचं नाव. उंच, हडकुळ्या, सायकलवरून यायच्या आणि आल्या आल्या चष्म्यावरची वाफ स्वेटरला पुसायच्या. प्रत्येक वाक्याची सुरुवात "आल्झो" ने, म्हणजे आपल्या "तर मग" ने. आता मीही घरात "आल्झो, भाजी कसली करू?" म्हणते आणि हे हसतात.

वर्गाच्या शेजारी एक छोटं स्वयंपाकघर होतं. सुट्टीत सगळे तिथे जमायचे. एरिट्रियाची सेलाम थर्मास भरून कॉफी आणायची, आल्याचा तुकडा घातलेली, काळी, कडक. ती मोठ्या ऐटीत सगळ्यांना ओतायची. "पी, पी. एक कप म्हणजे पाहुणा, तीन कप म्हणजे माणूस," असं काहीतरी तिच्याकडचं म्हणणं होतं. कॉफी झाली की कप सिंकमध्ये तसेच टाकायचे. संध्याकाळी कुणीतरी भांडी धुण्याचं मशीन लावायचं. माझा कप मात्र मी आधी विसळून घ्यायचे आणि नंतर धुऊन, पुसून खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घालायचे. सगळ्यांपासून लांब. मी हे करते आहे हे मला माहीतही नव्हतं. जसं चप्पल काढताना कुठला पाय आधी काढतो ते आपल्याला माहीत नसतं.

आमच्या गावच्या स्टँडवर चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. आत कपबशांची उतरंड, आणि बाहेर खांबाला ठोकलेल्या फळीवर कानतुटके कप, उपडे. बाजाराच्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, मला सोबत न्यायचे. फळीवरचा कप उचलायचा, बाहेरच्या पिंपातल्या पाण्याने विसळायचा आणि पुढे धरायचा. हॉटेलवाला उंचावरून चहा सोडायचा. धार इतकी नेमकी की किटली कधी कपाला शिवली नाही. मला ती धार फार आवडायची. मला वाटायचं ही त्या माणसाची कला आहे. चहा झाला की पुन्हा विसळायचा, पुन्हा उपडा. दादा म्हणायचे, "आपलं उष्टं आपण काढावं, माय. दुसऱ्याच्या डोक्याला ताप कशाला?" त्यांनी लाजेची गोष्ट मला टापटीप म्हणून शिकवली. बापाला लेकीसाठी एवढंच करता येत होतं, ते त्यांनी केलं.

फळीवर पाटी नव्हती. कुणाचे कप ते कुठे लिहिलेलं नव्हतं. बाहेरगावचा माणूससुद्धा एकदा बघून समजायचा. पुष्कळदा वाटतं, पाटी असती तर बरं झालं असतं. पाटी कुणीतरी उपटली असती. जे लिहिलेलंच नाही ते उपटायचं कुठून?

आल्झो, माझ्या परीक्षेच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्राउ बेर्गमाननी आम्हाला एक जुना सिनेमा दाखवला. काळा-पांढरा, अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावाचा, खाली सोप्या जर्मनमध्ये अक्षरं. गावात एक बेकरी. पुढच्या दारावर पाटी, फक्त गोऱ्यांसाठी. काळ्या माणसांनी मागच्या गल्लीत जाऊन खिडकीतून पाव घ्यायचा. आणि गंमत अशी, की पाव भाजणारा बाप्या काळाच. पीठ तोच मळायचा, भट्टी तोच पेटवायचा. त्याच्या हातचा पाव सगळ्या गोऱ्यांच्या पोटात जायचा, आणि त्याची मुलगी तोच पाव मागच्या खिडकीतून घ्यायची. एके दिवशी ती पुढच्या दाराने आत जाते आणि रांगेत उभी राहते. भांडत नाही, बोलत नाही, नुसती उभी. तिला पाव मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते, आणि तिच्या मागे तिची मावशी. मग आणखी कुणी. बाप आतून बघतो आहे, हात पिठात. मालक त्याला म्हणतो, पोरीला आवर, नाहीतर तू पण जा. आणि तो माणूस हात झटकतो, अंगावरचा एप्रन सोडतो, आणि बाहेर येऊन रांगेच्या शेवटाला उभा राहतो. त्या दिवशी गावात कुणालाच पाव मिळत नाही.

मी रडले नाही. मला माझे डबे आठवले. मी त्या वेळी घरून डबे करायचे. विद्यापीठात शिकायला आलेली आपली मराठी मुलं, नोकरीवाली जोडपी, सगळ्यांना माझ्या हातची भाजी-भाकरी आवडायची. दिवाळीचा फराळ तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवायचे. हे सगळं जमवून दिलं मीनल वहिनींनी. त्यांचे मिस्टर इथल्या संशोधन संस्थेत. वहिनी माझ्याच वर्गात होत्या, माझ्या शेजारी बसायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "जाधव म्हणजे कुठले गं तुम्ही?"

"मराठवाड्यातले."

"अच्छा. म्हणजे पाटील-देशमुखांतले?"

मी हसले. आमच्या आडनावाची माणसं सगळ्यांत सापडतात, आणि हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यावा. त्यांनी तो घेतला. तेव्हापासून आमच्या हॉलमधला निळ्या कोटातला फोटो आतल्या खोलीत गेला, कारण डबे न्यायला मंडळी हॉलपर्यंत यायची. हे एकदा म्हणाले, "साहेबांना आपण बेडरूममध्ये कोंडलंय." चेष्टेत म्हणाले. पण फोटो परत बाहेर नेला नाही त्यांनीही.

सिनेमा संपल्यावर बाईंनी विचारलं, असं तुम्ही कुठे पाहिलं आहे का? कुणी काही बोललं, कुणी खाली बघितलं. सेलाम म्हणाली, बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. मग थांबली, आणि माझ्याकडे बोट न करता, नुसती मान वळवून म्हणाली, "आणि या खोलीतसुद्धा आहे. ही. माझी कॉफी पिते, पण माझ्या हातातून घेण्याआधी कप धुते. नंतर पुन्हा धुते. आमच्या कपांत ठेवत नाही. इतके दिवस मी बघते आहे."

वर्गातल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे आणि मग दारातून दिसणाऱ्या त्या खिडकीकडे पाहिलं. कप तिथेच होता.

  मीनल वहिनी माझ्या मदतीला धावल्या. त्या खरंच मदतीलाच धावल्या, हे मी आजही म्हणते. त्या म्हणाल्या, "नाही नाही, सेलाम, गैरसमज होतोय. आमच्याकडे काही घरांत स्वच्छतेचे नियम फार कडक असतात. उष्टं-खरकटं, सोवळं, असं असतं. ही जुन्या वळणाची आहे, एवढंच. मनात काही नाही तिच्या."

काय थट्टा असते बघा. ज्या सोवळ्याने माझ्या बापाला फळी दाखवली, तेच सोवळं माझ्या अंगावर शालीसारखं पांघरलं गेलं. आणि ती शाल उबदार होती. मी नुसती मान हलवली असती तर सगळं निभावलं असतं. मी मान हलवली नाही, पण काही बोललेही नाही. फ्राउ बेर्गमान हळू आवाजात म्हणाल्या, आजचा तास इथे थांबवू या.

बाहेर पडताना सेलाम बाईंना म्हणाली, मला परीक्षेला दुसरी जोडीदार द्या. या परीक्षेत तोंडी भाग दोघादोघांनी द्यायचा असतो, समोरासमोर बसून, एकमेकींशी बोलून. आमची जोडी पहिल्या महिन्यापासून ठरलेली होती. ती बोलायची भरभर, मी बोलायचे हळू. तिच्या चुका मला ऐकू यायच्या आणि माझी भीती तिला. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणासमोर माझं तोंड उघडलं नसतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते, तसेच एका पायात बूट ठेवून बसून राहिले.

"अहो, काय करू?"

"सांगितलंस तर मीनल वहिनींना कळणार. त्यांना कळलं की सगळ्यांना कळणार."

"डबे बंद होतील?"

"होतील, नाही होतील. सांगता येत नाही. तेच तर." मग दुसरा बूट ओढून काढत म्हणाले, "मला विचारू नकोस. मी ऑफिसातल्या मराठी माणसांना अजून सांगितलेलं नाही. मी कुठल्या तोंडाने सांगू तुला की सांग?"

त्यांच्या कपाटात आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं होती, आत्मचरित्रं. लग्नाच्या ट्रंकेतून आलेली. मी ती कधी उघडली नव्हती. मला वाटायचं, यात काय वाचायचं, हे तर आपण बघितलंच आहे. त्या आठवड्यात मी त्यातलं एक वाचायला घेतलं. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, आणि ती फुगेपर्यंत चार ओळी वाचायच्या. किती भाकऱ्या करपल्या. आधी परक्या देशातली, परक्या रंगाची मुलगी पावाच्या रांगेत बघावी लागली, मग मला माझ्या घरातलं पुस्तक वाचता आलं. आपलं दुःख जवळून दिसत नाही की काय कोण जाणे. आणि एक कळलं. पुस्तकात लिहिणाऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं, वाडी, विहीर, आईचं नाव, शाळेत कुठे बसवायचे ते. नावानिशी. आणि मी इथे, इतक्या लांब, जिथे मला कुणी काही विचारतसुद्धा नाही, तिथे फोटो लपवून बसले होते.

पुढच्या तासाला मी हात वर केला. मी कधी हात वर करत नसे, त्यामुळे बाईंना वाटलं खिडकी उघडायची आहे. मी उभी राहिले. उभं राहायची इथे पद्धत नाही, पण आमच्या शाळेत होती. मी सेलामकडे बघून बोलायला लागले, कारण वहिनींकडे बघायचं धाडस नव्हतं.

मी काय बोलले ते जर्मनमध्ये फार वेडंवाकडं होतं. सरळ मराठीत सांगते. मी म्हटलं, तो वेगळा कप आमचा होता. आमच्यासाठी ठेवलेला. माझ्या देशात माझे वडील ज्या लोकांत जन्मले त्यांना आतला कप मिळत नसे. बाहेरचा घ्यायचा, स्वतः धुवायचा, तिथेच ठेवायचा. माझ्या हाताला ती सवय लागली. मला तुझ्या हाताची भीती वाटत नाही. मला वाटायचं, माझा कप तुमच्या कपांत गेला तर तुम्हाला चालेल की नाही. चालतो, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग मी खाली बसले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मीनल वहिनी माझ्या शेजारी होत्या, हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होत्या.

सुट्टीत सेलामने कॉफी ओतली. माझा कप मी विसळायला गेले तर म्हणाली, "हात मागे." मी हात मागे घेतला. कॉफी झाल्यावर तिने सगळ्यांचे कप गोळा केले, माझाही, मशीनमध्ये एकावर एक घातले आणि कमरेने दार ढकलून बंद केलं. "फेर्टिग," म्हणाली, झालं. आणि मग डोळे बारीक करून, "इतके दिवस मी तुला मनात काय काय म्हटलंय ते माहीत आहे का तुला? नको, सांगत नाही. परीक्षेनंतर सांगेन."

परीक्षेला आम्ही दोघीच होतो. एका सहकाऱ्यासाठी मेजवानी ठरवायची, असा विषय आला. ती म्हणाली मी कॉफी आणते, मी म्हटलं मी जेवण करते, आणि समोरच्या परीक्षक बाई हसायला लागल्या, कारण आम्ही खरोखरच ठरवत सुटलो होतो. पास झालो. ती आता कोलोनला वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करते. फोन आला की आधी शिव्या देते, मग खुशाली विचारते.

पण माझा जीव अडकला होता तो दुसरीकडे. ज्या दिवशी मी वर्गात बोलले, त्या दिवशी बसमध्ये वहिनी रोजच्यासारख्या माझ्या शेजारी बसल्या. भरभर बोलत होत्या. थंडी किती लवकर पडली, मुलगा घरात जर्मनच बोलतो, आपण मराठीत विचारलं तरी "या, या" करतो, म्हणजे "हो, हो".  त्यांचा स्टॉप आला तेव्हा उठत म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर?"

दार उघडलं होतं. मागची माणसं खोळंबली होती. त्या उतरल्या, खाली उभ्या राहून काहीतरी म्हणाल्या, पण काच मध्ये होती.

नंतर फोनवर निरोप आला, "सासूबाई येतायत गं दिवाळीला. फराळाचं बघते आणि कळवते." सासूबाई खरंच येणार होत्या, ते मला आधीपासून माहीत होतं. पण दर वर्षी "बघते" नसायचं, "कर" असायचं. त्या एका शब्दाभोवती मी कितीतरी दिवस फिरत राहिले. सिनेमात मालक तोंडावर सांगतो, तू जा. इथे कोण सांगणार? दर वर्षी फराळ घेणाऱ्या आणखी दोन घरांचेही निरोप आले नाहीत. ते विसरले असतील. गावाला गेले असतील. गोड कमी केलं असेल, आजकाल करतात लोक. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या वतीने कारणं देत बसायचे, इतकी की त्यांना स्वतःलाही सुचली नसती. इथे हाच एक त्रास आहे. काही झालं आहे की नाही हेच कळत नाही, आणि काळजी करण्यात निम्मं आयुष्य जातं.

तरी मी भाजणी भाजली. कुणी सांगो न सांगो, दिवाळीला चकली होतेच. आणि एका रविवारी सकाळी ह्यांनी खुर्चीवर चढून फोटो हॉलमध्ये लावला. खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी लागते म्हणून चिकटपट्टीच्या आकड्यावर. "पडायचा नाही ना?" मी विचारलं. "साहेब कधी पडलेत?" हे म्हणाले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात मीनल वहिनी, आणि त्यांच्यामागे जिना चढून धापा टाकणाऱ्या त्यांच्या सासूबाई, जाड कोट, खाली नऊवारी, पायात नातवाचे बूट. "अगं, म्हटलं आईंना फिरवून आणावं, आणि फराळही न्यावा," वहिनी म्हणाल्या, जणू सगळं ठरलेलंच होतं.

त्या आत आल्या. सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "घर उबदार आहे हो तुझं."

मी पाण्याचे दोन ग्लास ठेवले, आणि थाळीत चकल्या. सासूबाईंनी चकली मोडली, कानाशी नेऊन आवाज ऐकला, तोंडात टाकली. "भाजणी चांगली भाजलीस. मोहन किंचित जास्त पडलंय."

"हो काकू, इथल्या तेलाचा अंदाज येत नाही."

"तेलाला कशाला बोल लावतेस," त्या हसल्या आणि दुसरी घेतली.

"पाणी घ्या ना."

"नको गं. तहान नाही."

जुन्या माणसांत तळलेल्याचा एक नियम आणि पाण्याचा दुसरा नियम असतो, तळलेलं आमच्या हातचं चालतं आणि पाणी चालत नाही असा काहीतरी, कुणासाठी कुठला ते मला नीटसं ठाऊक नाही. हेही खरं, की इथे म्हातारी माणसं बाहेर पडली की पाणी प्यायला घाबरतात, मग टॉयलेट कुठे शोधायचं म्हणून. माझी आई आली होती तेव्हा तीही दिवसभर घोट घेत नसे. दोन्ही कारणं माझ्यासमोर बसली होती आणि दोन्हींचे चेहरे सारखेच होते. मी ग्लासकडे बघायचं नाही म्हणून थाळीकडे बघत होते.

वहिनींनी आपला ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. खाली ठेवला. मग सासूबाईंकडे न बघता त्यांचा भरलेला ग्लास उचलला आणि तोही संपवला, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. सासूबाई चकली चावायच्या थांबल्या. 

दोन्ही रिकामे ग्लास माझ्यापुढे धरून वहिनी म्हणाल्या, "चढ केवढा आहे गं तुमच्या गल्लीला. अजून आण."

मी आत गेले. नळ सोडला, पाणी गार होईपर्यंत वाहू दिलं. ट्रेमध्ये तीन ग्लास भरले. एक वहिनींचा, एक माझा, आणि एक काकूंचा, पुन्हा.